सॉफ्ट कोरल दगडावरून सारखं सुटतंय? या क्रमाने तपासा

रात्री ग्लूने बसवलेलं मश्रूम (तबकडीसारखं मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ) सकाळी वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) जाळीवर चिकटलेलं सापडतं. लेदर (जाड मांसल दांड्याचं कोरल) दोन दिवस ताठ उभं राहतं आणि तिसऱ्या दिवशी वाळूत आडवं पडतं. झोआचा (छोट्या फुलांसारख्या कोरलचा) गुच्छ दगडामागच्या फटीत घरंगळतो आणि उजेड न मिळाल्याने मिटून बसतो. संभाजीनगर, जालना, परभणीकडच्या ओळखीच्या घरांत समुद्री टँकची (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची) मी सगळ्यात जास्त वेळा निस्तरलेली तक्रार हीच आहे. फोनवरचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो, "दादा, ग्लू कुठला घ्यायचा?" ग्लू बदलून हे दुखणं क्वचितच थांबतं, म्हणून ग्लूचा विषय इथे बराच खाली येईल.

सुटलेल्या जागेवर काय दिसतं?

पडलेलं कोरल लगेच परत चिकटवू नका. आधी टॉर्च घ्या आणि दोन जागा नीट बघा: दगडावर ते होतं ती जागा, आणि कोरलचा तळ.

दगडावर ग्लूचा पांढरा ठिपका जसाच्या तसा आहे आणि त्यावर पातळ बुळबुळीत पापुद्रा आहे, तर ग्लूने दगड धरून ठेवला होता, कोरलने ग्लू सोडला. अंगातून सुटणारा चिकट स्राव मध्ये आला.

ग्लूचा गोळा कोरलच्या तळाला लटकतोय आणि त्याला शेवाळ किंवा भुकटी लागलीय, तर दोष दगडाच्या पृष्ठभागाचा.

मश्रूमचा तळ आकसून निमुळता झालाय, तोंड उघडं पडलंय, तर त्याने जागा स्वतःहून सोडलीय. प्रवाह, उजेड किंवा पाणी यांपैकी काहीतरी त्याला सोसत नाही.

लेदरचे पॉलिप (अंगावरची बारीक फुलांसारखी तोंडं) मिटलेत आणि अंगावर मेणचट चकचकीत पडदा आलाय, तर ते कात टाकतंय. हा आजार नाही. मात्र त्या दिवसांत ग्लूची पकड उचलली जाते.

तळ काळपट-तपकिरी, लिबलिबीत आणि वास सडक्या अंड्यासारखा, तर मधलं सगळं सोडून सडीच्या भागाकडे जा.

सुटणं नेहमी रात्रीच होतं, तर कारण बहुधा पायांवर चालणारं आहे.

आणि केनिया ट्री या कोरलच्या छोट्या फांद्या गळून इकडेतिकडे पडत असतील तर काही बिघडलेलं नाही. ते झाड असंच वाढतं. फांद्या गोळा करा, हवी तिथे ठेवा, नको असतील तर कुणाला तरी द्या.

मुळात ते धरतं कसं

हे एकदा नीट कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात. सॉफ्ट कोरलला कडक सांगाडा नसतो. लेदरच्या मांसात चुन्याचे सूक्ष्म काटे असतात, मश्रूम आणि झोआमध्ये तेही नाहीत. म्हणजे ग्लू ज्याला घट्ट धरेल असा कठीण भागच तिथे नाही. वर सतत स्राव. त्यामुळे ग्लूची पकड काही तासांची, फार तर काही दिवसांची. कायमची पकड कोरल स्वतः तयार करतं, तळाचं मांस दगडाच्या खरबरीत पृष्ठभागावर पसरवून. झेनियाला (हेही एक सॉफ्ट कोरल) त्यासाठी थोडे दिवस पुरतात, मश्रूमला एक-दोन आठवडे, जाड लेदरला कधी तीन आठवडेही लागतात.

आमच्याकडे केशर आंब्याचं कलम बांधतात तसंच हे. पट्टी कलम जोडत नाही, जोड बसेपर्यंत दोन्ही भाग हलू देत नाही. तुम्हालाही एवढंच साधायचं आहे: कोरल दोनेक आठवडे एका जागी, न हलता, दगडाला टेकून राहिलं पाहिजे. ग्लू, जाळी, दोरा, डबा ही सगळी त्याची साधनं.

पहिली तपासणी: कोण ढकलतंय?

खर्च शून्य. दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल उजेडाची टॉर्च घेऊन बसा. लाल उजेडाला बहुतेक प्राणी बुजत नाहीत. शंखातला खेकडा नव्या कोरलवरून सरळ चढून जातो, मोठी टर्बो गोगलगाय प्लग (कोरल बसवायची छोटी बैठक) उलटवते, समुद्री साळू (सी अर्चिन) तर छोटे तुकडे अंगावर घेऊन फिरतो. दिवसा पाहायचं ते क्लाउनफिशकडे. ॲनिमोन (क्लाउनफिश ज्यात राहते तो समुद्री जीव) नसलं की ती लेदरला घर मानते आणि दिवसभर अंग घासत राहते. वाळू उपसणारा गोबी मासा खालच्या दगडांवर वाळू ओततो, त्याने दबलेलं कोरल सुटतं.

ही तपासणी आधी, कारण ढकलणारं कोणी असेल तर पुढचं सगळं काम रोज रात्री मोडणार. उपायही साधा: धरेपर्यंत कोरल उंच जागी किंवा जाळीच्या झाकणाखाली ठेवा. प्राणी काढायची गरज सहसा पडत नाही.

घरातली माणसंही विचारात घ्या. टँकमध्ये रोज हात घालून कोरल "सरळ करणं" हे सुटण्याचं फार मोठं कारण आहे. तळाचं मांस दगडावर जेमतेम पसरू लागलेलं असतं, तेवढ्यात ते उचकटलं जातं.

दुसरी: प्रवाह आणि उजेड

वेव्हमेकरचा झोत थेट कोरलवर आहे का, हे डोळ्यांनी कळतं. मश्रूमची कड एकाच बाजूला सतत दुमडलेली राहत असेल, तर झोत जास्त आहे. लेदरचा दांडा एकाच दिशेला वाकून राहतो तेव्हाही तेच. झोत समोरच्या काचेवर वळवा, म्हणजे पाणी आपटून पसरत येईल. मश्रूमला मंद प्रवाह हवा. लेदरला मध्यम आणि उलटसुलट हवा, कारण कात टाकताना तो पडदा पाण्यानेच धुऊन जायचा असतो. प्रवाह फार कमी असेल तर पडदा अंगावर राहतो, खाली घाण साचते आणि सड तिथूनच सुरू होते.

उजेडाचं थोडक्यात. नवं मश्रूम वरच्या टोकाला प्रखर दिव्याखाली ठेवलं की ते आकसतं आणि जागा सोडतं. खालून सुरुवात करा.

तिसरी: दगड

कोरल शेवाळावर बसवलं तर ते दगडाला नव्हे, शेवाळाला धरतं, आणि शेवाळ सुटलं की तेही जातं. नव्या टूथब्रशने रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासून घ्या. दगड बाहेर काढता येत असेल तर टँकच्याच पाण्याच्या बादलीत घासा. त्या दगडावर झोआ असतील तर मात्र घासू नका, त्याचं कारण शेवटी आहे. गुळगुळीत भागापेक्षा खड्डा किंवा खाच निवडा, म्हणजे तळ तिन्ही बाजूंनी टेकतो.

शेतातला काळा पाषाण वापरला तर चालेल का, हे मला बरेच जण विचारतात. आपल्याकडचा बेसाल्ट घट्ट आणि जड असतो. पाणी गाळणारे जिवाणू राहायला त्यात फारशा पोकळ्या नसतात, त्यामुळे टँकचा मुख्य दगड म्हणून मी तो घेत नाही. सच्छिद्र कोरडा रीफ रॉक किंवा सिरॅमिकचे प्लग घ्या. आणि मालवण-रत्नागिरीकडे गेलात तर किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. खडक बांधणारे कडक प्रवाळ, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप कोरल हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडा बाळगणंही त्यात येतं. सॉफ्ट कोरल घेतानासुद्धा ते कुठून आलं ते विचारा आणि पक्कं बिल मागा.

चौथी: पाणी, विशेषतः मार्च ते जून

मराठवाड्यात ही तपासणी ग्लूच्या आधी करायची. उन्हाळ्यात एकाच टँकमधली दोन-तीन मश्रूम एकदम सुटली, तर ग्लूची बाटली बाजूला ठेवा आणि थर्मामीटर बघा.

तापमान २४ ते २७ अंश असावं. २९-३० च्या वर गेलं की मश्रूम आकसतात, तळाची पकड सैल पडते, आणि झेनिया तर एका दुपारीत वितळून जातो. बाहेर ४२ अंश, त्यात दुपारी लाईट गेली आणि खोली बंद असली, की टँक भराभर तापतो. पहिला उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा मारणारा छोटा पंखा. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच पंखा फारसं काम करत नाही. लाईट जाण्यासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.

पंख्याने दुसरी गोष्ट घडते: पाणी उडतं, मीठ मागे राहतं. क्षारता वाढत जाते आणि कोरल मिटून बसतं. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या मीटरवर) १.०२५ ते १.०२६ हवं. मीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या आरओच्या पाण्याने जुळवलेला मीटर समुद्राच्या पाण्यावर चुकीचा आकडा दाखवू शकतो. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं) पाणी घाला, मिठाचं नाही. हे रोज थोडं थोडं करा, आठवड्यातून एकदा बादलीभर ओतू नका.

नळाला जायकवाडीचं पाणी आलं काय किंवा दारात टँकर आला काय, थेट टँकमध्ये कुठलंच घालायचं नाही. आमच्या भागातल्या बोअरचं पाणी जड, त्यात फॉस्फेट-नायट्रेटही असू शकतं. डीआयनंतर टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. आरओच्या दुसऱ्या नळीतून जाणारं पाणी फरशी-संडास धुवायला भरून ठेवा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा भागात समुद्री टँक पाळायचा तर या पाण्याचा हिशेब ठेवणं टँकवाल्याचं कामच आहे. कुलरमध्ये मात्र आरओचं हे दुसऱ्या नळीचं पाणी घालू नका, पॅडवर क्षार धरतात.

क्षारता-तापमान बरोबर असेल तर अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारी क्षमता, डीकेएचमध्ये मोजतात) बघा, ८ ते ९ डीकेएचच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर. नायट्रेट अगदी शून्य असेल तर तेही बरं नाही, सॉफ्ट कोरल उपाशी राहून बारीक होतात. ५ ते १५ पीपीएम त्यांना चालतं. आणि माशांच्या आजारासाठी तांब्याचं औषध या पाण्यात कधी टाकलं असेल, तर सुटण्याचं कारण तेच धरा. तांबं कोरलला विष आहे आणि दगडात मुरून राहतं.

पाचवी: बसवण्याची पद्धत

एवढं सगळं ठीक निघालं तरच ही पायरी. प्रत्येक कोरलची पद्धत वेगळी आहे, आणि चुकतं ते सगळ्यांना एकच पद्धत लावल्यामुळे.

*मश्रूमला ग्लू लावूच नका.* श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, साबण न लावता गरम पाण्याने धुवा, बाजूंना भोकं पाडा. तळात हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराचे दगडाचे तुकडे पसरा. त्यावर मश्रूम तोंड वर करून ठेवा, वरून जाळी बांधा आणि डबा मंद प्रवाहात वाळूवर ठेवा. आठवडाभर बघायचंसुद्धा नाही. मग ड्रॉपरने कडेवर हलकी फुंकर मारा. कड उचलली गेली तर अजून थांबा, तुकडा बरोबर हलला तर त्याने धरलंय. आता ग्लू काढा आणि तुकड्याखाली लावून तो मुख्य दगडावर दाबा. ग्लूला आता दगडाला दगड जोडायचा आहे, आणि ते काम तो चोख करतो. हे दोन टप्प्यांचं काम ज्यांनी एकदा केलंय, त्यांचा सुटण्यासाठी पुन्हा फोन येत नाही.

झेनियाही असाच, फक्त त्याला जाळीदेखील नको. फांदी तुकड्यांवर टेकवून ठेवा, ती धरते.

*लेदर* जड असतं, ते डब्यात उभं राहत नाही. तळाच्या जाड भागातून बांबूची टूथपिक आडवी आरपार घाला, दोन्ही टोकं बाहेर राहू द्या. लेदर दगडाच्या खाचेत बसवा आणि रबर बँड किंवा तंगूस टूथपिकच्या टोकांवरून दगडाभोवती घ्या. बंधन काडीवर पडलं पाहिजे, मांसावर नाही. मांसावरून आवळलेला रबर बँड काही दिवसांत लेदर कापून निघतो आणि कापलेल्या जागी सड लागते. साधा सुती दोराही घेऊ नका, तो खाऱ्या पाण्यात कुजतो आणि नेमका अर्ध्यात सोडतो. तळ पसरलेला दिसला की दोरा कापा आणि काडी हळूच ओढून काढा. छिद्र आपोआप भरतं.

*झोआ आणि ग्रीन स्टार पॉलिप* यांना तळाशी चटई असते, त्यामुळे इथे ग्लू चालतो, पण जेलच. पातळ इन्स्टंट ग्लू चटईवर पसरतो, पाण्यात पांढरा तवंग धरतो आणि पॉलिप झाकतो. पाकिटावर सायनोॲक्रिलेट जेल लिहिलेलं बघा. चटईची खालची बाजू टिश्यू पेपरवर दोनदा टेका, म्हणजे स्राव निघतो. दगडावर दोन-तीन ठिपके द्या, सलग थर नको, कारण ठिपक्यांच्या मधूनच चटई दगडाला धरणार आहे. पंधरा-वीस सेकंद दाबून मग पाण्यात सोडा. सायनोॲक्रिलेट ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे पूर्ण वाळायची वाट बघायची नाही. ग्रीन स्टार पॉलिप मुख्य दगडावर लावू नका, ते सगळा दगड व्यापतं. वाळूत वेगळा दगड द्या.

दगड उभा असेल तर ग्लूच्या दोन थरांमध्ये ॲक्वेरियमची एपॉक्सी पुट्टी घ्या. पुट्टी आकार धरते, ग्लू चिकटतो. त्या दिवशी स्किमरला (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राला) फार फेस येतो, कप भरून वाहणार नाही याकडे लक्ष ठेवा.

जाळीचं एक. ओढणी-घुंघटाचं पांढरं नेट कापडाच्या दुकानात मीटरवर मिळतं, ते उत्तम. रंगीत घेऊ नका, रंग सुटतो.

सड असेल तर

टँकच्या बाहेर, टँकच्याच पाण्याच्या वेगळ्या भांड्यात काम करा. हातमोजे आणि चष्मा घालून नव्या धारदार ब्लेडने काळा भाग पूर्ण कापा, त्याच्यापलीकडचा थोडा निरोगी भागही घ्या. कोरलसाठी मिळणाऱ्या आयोडीनच्या डिपमध्ये (बुडवायच्या द्रावणात) पाकिटावरच्या प्रमाणाने बुडवा, दुसऱ्या स्वच्छ पाण्यात खंगाळा, मग टूथपिकच्या पद्धतीने बसवा. भांड्यातलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका. कापलेलं लेदर त्रासदायक रसायनं सोडतं, म्हणून फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या तर हात लगेच बाहेर आणि मेन स्विच बंद. कोरल पडून राहू द्या. हीटर किंवा पंपाची वायर फुटलेली असू शकते आणि मीठपाणी वीज चांगली वाहून नेतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा, टँकच्या बोर्डावर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि मगच हात घाला.

कोरल बसवताना दगडांचा ढीग हलतोय असं वाटलं तर पुढे दाबू नका. ढीग काचेवर कोसळला तर नुकसान कोरलपुरतं राहत नाही. टँक बसवून देणाऱ्याला बोलवा, तो पाणी उतरवून दगड पुन्हा रचेल.

टँकमधली निम्मी कोरल एकाच वेळी मिटली असतील, किंवा दोनदा कापूनही सड पुढे सरकत असेल, तर चिकटवणं बंद करा. समुद्री टँकचा अनुभव असलेल्या माणसाला पाण्याचे सगळे आकडे आणि फोटो पाठवा. फक्त गोड्या पाण्याचे टँक सांभाळणाऱ्याचा सल्ला इथे पुरणार नाही. चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) कॉम्प्रेसर थंड करत नसेल तर फ्रिज-एसीचा मेकॅनिक बोलवा. तो येईपर्यंत पंखा चालू ठेवा.

शेवटचं झोआबद्दल, आणि यात अजिबात हयगय नको. झोआ आणि विशेषतः पॅलिथोआ (झोआच्याच जवळचं कोरल) यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. हातावर जखम असेल तर त्यांना हात लावू नका. त्यांचा दगड कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका, ब्रशने घासू नका, कारण वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं आणि घरातल्या सगळ्यांना बाधतं. काम केल्यावर तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव, ओठ बधिर, डोळे लाल, धाप, स्नायू दुखणं, यातलं काहीही जाणवलं तर खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि तडक मोठ्या रुग्णालयात जा. संभाजीनगरमध्ये असाल तर घाटी रुग्णालय आहेच. डॉक्टरांना "पॅलिटॉक्सिन" हा शब्द सांगा, शक्य असेल तर कोरलचा फोटो मोबाईलवर दाखवा. या विषावर उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार होतात, त्यामुळे घरी थांबून बरं वाटायची वाट बघू नका.